सिसिलीच्या पोथीतला काकाकुवा आणि अंबाजोगाईचा शिलालेख

१/
शके ११६२, म्हणजे इसवी सन १२४०. युद्धात पडलेल्या भावाच्या स्मरणार्थ अंबाजोगाईत लक्ष्मी नावाची बहीण देवालय उभारते आणि ते शिलालेखात नोंदवून ठेवते. त्याच दशकात, हजारो कोस पश्चिमेस, सिसिलीचा राजा आपल्या ग्रंथात एका पांढऱ्या पोपटाविषयी लिहितो. हा पोपट ना युरोपातला होता, ना आफ्रिकेतला, ना भारतातला. तो काकाकुवा होता. आजचा धागा या पक्ष्याचा, त्याच्या स्वभावाचा आणि त्या दोन नोंदींमधल्या अंतराचा.

२/
आधी आपल्या गावापासून सुरुवात करू. देवगिरीच्या यादवांपैकी सिंघण राजाचा सेनापती खोलेश्वर. अंबाजोगाईत त्याच्याशी संबंधित शके ११५० (इ. स. १२२८) आणि शके ११६२ चे लेख सापडले आहेत. खोलेश्वराने सिंघणासाठी लाट व गुजरात या प्रदेशांवर स्वाऱ्या केल्या. त्याच्यामागून त्याचा पुत्र राम त्याच मोहिमेवर गेला आणि नर्मदेच्या परिसरात रणात पडला. लक्ष्मी ही खोलेश्वराची कन्या, रामाची बहीण. गावातले खोलेश्वराचे मंदिर या घराण्याची आठवण आजही जपून आहे.

३/
बालाघाटच्या डोंगरातील एका गावची माणसे गुजरातेत जाऊन का मरत होती? नर्मदेच्या मुखाशी भडोच आहे आणि त्याच्या पलीकडे खंबायत. इराणच्या आखातातून आणि तांबड्या समुद्रातून येणारी गलबते तेथे लागत. घोडे येत, कापड जाई, मिरी, हस्तिदंत, सुगंधी लाकूड यांची देवघेव होई. ज्याच्या हाती ही बंदरे, त्याच्या हाती जकात. यादव, परमार, चालुक्य-वाघेले अशा सर्वांनाच तो प्रदेश हवा होता. शिलालेखातील एका मरणामागे हे सारे समुद्री अर्थकारण उभे आहे.

४/
आता सिसिलीकडे वळू. तेथला राजा दुसरा फ्रेडरिक (११९४–१२५०) हा पवित्र रोमन सम्राटही होता. सिसिलीत तेव्हा लॅटिन, ग्रीक आणि अरबी या तिन्ही भाषांतले विद्वान वावरत. फ्रेडरिकला ससाण्यांनी शिकार करण्याचे वेड होते, आणि त्याहून मोठे वेड होते ते पक्षी न्याहाळण्याचे. ग्रंथात लिहिले आहे म्हणून एखादी गोष्ट मानायची नाही, स्वतः पाहायची, अशी त्याची रीत होती. ॲरिस्टॉटलच्या चुका दाखवायलाही तो कचरला नाही.

५/
इ. स. १२२८ मध्ये, म्हणजे अंबाजोगाईचा पहिला लेख कोरला गेला त्याच सुमारास, फ्रेडरिक धर्मयुद्धासाठी जेरुसलेमकडे निघाला. पोपने त्याला आधीच बहिष्कृत केले होते. तेथे त्याने लढाई केलीच नाही. इजिप्तचा सुलतान अल-कामिल याच्याशी त्याने वाटाघाटी केल्या आणि फेब्रुवारी १२२९ मध्ये तहाने जेरुसलेम मिळवले. पुढेही त्या दोघांत पत्रे, गणिताचे व तत्त्वज्ञानाचे प्रश्न आणि नजराणे यांची देवाणघेवाण चालू राहिली. सुलतानाकडून हत्ती आला. आणि आला एक पांढरा पोपट.

६/
फ्रेडरिकने पक्ष्यांच्या साहाय्याने करावयाच्या शिकारीवर एक मोठा लॅटिन ग्रंथ रचला. त्याचे लेखन १२४० च्या दशकातले. त्यात तो सांगतो की हा पक्षी ‘बाबिलोनच्या सुलतानाने’ पाठवला. येथे वाचकाने अडखळू नये. त्या काळच्या युरोपीय लेखनात बाबिलोन म्हणजे इराकातले प्राचीन नगर नव्हे, तर इजिप्तमधील कैरो. जुने कागद वाचताना स्थलनामाचा त्या काळचा अर्थ लावावा लागतो. ‘मोमिनाबाद’ हे निजामकाळातले अंबाजोगाईचेच नाव, हे ज्याला ठाऊक नाही, तो निजामाच्या दप्तरात अंबाजोगाई शोधून थकेल.

७/
ग्रंथाची मूळ राजप्रत १२४८ मध्ये पार्माच्या वेढ्यात लुटीत गेली. पुढे फ्रेडरिकचा मुलगा मान्फ्रेड याने सचित्र प्रत करवली. ती आज व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे आणि तिच्या समासांत पक्ष्यांची शेकडो चित्रे आहेत. हेदर डाल्टन या ऑस्ट्रेलियातील इतिहासकार आणि फिनलंडचे तीन अभ्यासक यांनी त्यांतील चार चित्रे काकाकुव्याची असल्याचे २०१८ मध्ये दाखवून दिले. तोवर युरोपातील काकाकुव्याचे सर्वांत जुने चित्र म्हणून मान्तेन्याच्या १४९६ मधील एका चित्राकडे बोट दाखवले जाई. एका पक्ष्याने ही तारीख अडीचशे वर्षे मागे नेली.

८/
पण पांढऱ्या पोपटाचे एवढे अप्रूप का? कारण युरोपच्या लेखी पोपट म्हणजे भारताचा हिरवा पोपट. ग्रीक वैद्य क्टेसियसने भारतातल्या बोलक्या पक्ष्याविषयी लिहिले ते इसवी सनापूर्वी चारशे वर्षांच्या आसपास. रोमन लेखक प्लिनीनेही नोंद केली की हा पक्षी भारतातून येतो, अंगाने हिरवा असतो आणि त्याच्या मानेभोवती लाल कडे असते. म्हणजे आपल्या ज्वारीवर तुटून पडणारा राघू आणि त्याचे भाऊबंद. दीड हजार वर्षे हेच चित्र कायम होते. फ्रेडरिकसमोर मात्र तुरा उभारणारा पांढराशुभ्र पोपट बसला होता.

९/
हा पक्षी भारतात का नाही, याचे उत्तर नंतर मिळाले. १८५६ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस हा निसर्गअभ्यासक बालीहून लोंबोक बेटावर उतरला. मधली सामुद्रधुनी फार तर वीस ते चाळीस किलोमीटरची. बालीत काकाकुवे नव्हते, लोंबोकात होते. एवढ्याशा पाण्याने दोन प्राणिसृष्टी वेगळ्या केल्या होत्या, आशियाची आणि ऑस्ट्रेलियाची. त्या सीमेला आज वॉलेस रेषा म्हणतात. त्यामुळे कैरोत काकाकुवा दिसला, याचा अर्थ कोणीतरी तो तिकडच्या बेटांवरून माणसांच्या हातांनी आणलाच असला पाहिजे. पक्षी येथे कागदपत्राचे काम करतो.

१०/
आता त्याची ओळख करून घेऊ. पिवळ्या तुऱ्याच्या काकाकुव्यांत दोन जाती लक्षात ठेवाव्यात. मोठी जात उत्तर व पूर्व ऑस्ट्रेलियात आणि न्यू गिनीत राहते. चोचीपासून शेपटीपर्यंत ती जवळजवळ अर्धा मीटर भरते. धाकटी जात इंडोनेशियाच्या पूर्वेकडील बेटांवरची. सिसिलीचा पक्षी या दोहोंपैकी एका जातीचा होता. उत्तर ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी किंवा त्यांच्या लगतची बेटे हे त्याचे माहेर, असा त्या अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. आणि येथे ‘माहेर’ हा शब्द योग्यच आहे, कारण तो पक्षी मादी होता.

११/
हे कसे कळले? या काकाकुव्यांत नराचे डोळे जवळजवळ काळे असतात, मादीचे तांबूस. पिसांवरून नर-मादी ओळखता येत नाही, डोळ्यांवरून येते. मान्फ्रेडच्या प्रतीत चित्रकाराने बुबुळात तांबूस रंग भरला आहे. जेथे भारतातला राघूही नवलाचा, त्या युरोपात काकाकुव्याच्या मादीचे डोळे कसे असतात हे कोणी कल्पनेने रंगवू शकत नाही. कोणीतरी जवळ बसून, नीट पाहून, तो रंग टिपला होता.

१२/
तुरा हा काकाकुव्याचा बोलका अवयव. एरवी तो डोक्यावर मागे पडलेला असतो. दचकल्यावर, रागावल्यावर, खेळात आल्यावर किंवा जमिनीवर उतरताना तो हातपंख्यासारखा उलगडतो. पिसांच्या मुळाशी भुकटी होणारी खास पिसे असतात. त्यांची पांढरी पूड अंगभर पसरून पंख निगुतीने राखले जातात. हा पक्षी पाळणाऱ्याच्या घरात सगळीकडे बारीक पांढरी धूळ बसते. पायाची दोन बोटे पुढे व दोन मागे असल्याने तो फळ मुठीत धरून खातो, आणि बहुधा डाव्या पायाने.

१३/
तो एकटा राहत नाही. सकाळी विसाव्याच्या झाडावरून थवा निघतो, जमिनीवर उतरून दाणे, मुळे, कंद टिपतो, दुपारी सावलीत बसून डहाळ्या कुरतडतो आणि संध्याकाळी आरडाओरडा करीत परततो. थवा खाली चरत असताना एकदोन पक्षी झाडावर पहाऱ्याला बसतात. धोका दिसला की कर्कश ओरडतात आणि सारा थवा उडतो. ऑस्ट्रेलियात बेकायदा जुगाराच्या अड्ड्याबाहेर पोलिसांवर नजर ठेवणाऱ्या माणसालाही बोलीभाषेत याच पक्ष्याचे नाव पडले. आपल्याकडे माळ्यावर गोफण घेऊन शेतकरी राखण करतो. तेथे पिकावर पडलेला थवाच स्वतःची राखण ठेवतो.

१४/
घरट्यासाठी त्याला जुन्या झाडातली ढोली लागते. ती तो स्वतः कोरत नाही. वाळवी, बुरशी, वणवा आणि काळ यांनी पोखरलेल्या निलगिरीत ती तयार होते आणि पुरेशी मोठी व्हायला शंभर-दीडशे वर्षेही लागतात. दोन-तीन अंडी असतात. नर आणि मादी दोघेही आळीपाळीने ती उबवतात, आणि पिल्ले उडू लागल्यावरही कुटुंबासोबत राहतात. जोडी दीर्घकाळ टिकते. आयुष्य लांबलचक असते. माणसाच्या संगोपनात सत्तर वर्षे ओलांडल्याची उदाहरणे आहेत.

१५/
आणि तो शिकतो, तेही एकमेकांकडून. सिडनीत काही काकाकुव्यांनी घराबाहेरच्या कचराकुंडीचे जड झाकण चोचीने उचलून, कडेवरून चालत जाऊन ते उलटवायची युक्ती शोधली. २०१८ पूर्वी ही गोष्ट तीन उपनगरांत दिसली होती. २०१९ संपेपर्यंत ती चव्वेचाळीस उपनगरांत पोहोचली. संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवले की ही युक्ती शेजारून शेजारी पसरली आणि वेगवेगळ्या भागांत झाकण उघडण्याच्या पद्धतीही वेगवेगळ्या पडल्या. माणसांच्या समाजात आपण याला रीतभात म्हणतो.

१६/
हा सारा स्वभाव इतिहासाच्या धाग्यात कशासाठी? कारण तेराव्या शतकातला प्रवास या स्वभावामुळेच शक्य झाला. त्याच प्रदेशातले स्वर्गीय पक्षी पाहा. त्यांची पिसे जगप्रसिद्ध, पण ते व्यापारात आले ते बहुतांशी वाळवलेल्या कातड्यांच्या रूपाने. काकाकुवा मात्र जिवंत टिकतो. दाणे खाऊन राहतो, माणसाला ओळखतो, त्याचा शब्द उचलतो, आणि वर्षानुवर्षे जगतो. वाटेत चार मालक बदलले, दोन पावसाळे बंदरात थांबावे लागले, तरी तो नजराणा होण्याजोगा राहतो.

१७/
त्याचे नावही असेच हातोहात आले. मलाय भाषेत ‘काकातुआ’. मराठीत आपण त्याला घरोब्याने ‘काकाकुवा’ म्हणतो. मलाय-इंडोनेशियन भाषेत याच नावाने चिमट्यासारखी पकडही ओळखतात. त्याची चोच पाहिली की कारण सांगावे लागत नाही. तिकडच्या बेटांवरचे लोक, मलाय खलाशी, चिनी, गुजराती आणि अरब व्यापारी अशी ती साखळी होती. एकाही माणसाने सबंध प्रवास केला नसेल. पक्ष्याने केला.

१८/
चीनचा पुरावा तर याहून जुना आहे. तांग घराण्याच्या इतिहासात नोंद आहे की सातव्या शतकात दक्षिणेकडील लिन्यी, म्हणजे चंपाच्या राज्यातून सम्राट ताइझोंगला पोपट नजर झाले. त्यांत एक पांढरा होता. अभ्यासक त्याला काकाकुवा मानतात. हे पक्षी थंडीची तक्रार करू लागले, तेव्हा सम्राटाने दया येऊन त्यांना स्वदेशी परत पाठवले, असे तो वृत्तांत सांगतो. पक्षी खरोखर काय बोलले हे बाजूला ठेवा. त्या दरबाराला हा दयेचा प्रसंग नोंदवावासा वाटला.

१९/
येथे मोह होतो, आणि तो मीच आधी कबूल करतो. इ. स. १२४० चा शिलालेख, गुजरातची बंदरे, कैरो, सिसिली: एवढे मणी हाती आले की ‘सिसिलीचा काकाकुवा यादवांच्या राज्यातून गेला’ अशी माळ ओवावीशी वाटते. दोन ओळींत लिहिले तर हजारो लोक पुढे पाठवतील. गावाचा अभिमानही वाढेल. पण तसे म्हणणारा एकही लेख नाही, एकही जमाखर्च नाही. पक्षी चीनमार्गे, बराचसा खुष्कीने गेला असावा, असाच त्या अभ्यासकांचा कल आहे. तेव्हा ही माळ ओवायची नाही.

२०/
मग काय म्हणता येते? अंबाजोगाईचे एक घराणे समुद्रमार्गांच्या राजकारणात रक्त सांडत होते, हे शिलालेख सांगतो. त्याच काळात ऑस्ट्रेलियाच्या बाजूचा पक्षी भूमध्य समुद्रापर्यंत पोहोचत होता, हे पोथी सांगते. दोन्ही नोंदी एकाच, परस्परांशी बांधलेल्या जगातल्या आहेत. एवढे विधान पक्के आहे आणि ते लहान नाही. कारण ‘ऑस्ट्रेलियाचा शोध युरोपियनांनी लावला आणि मग जगाला तिकडचे प्राणी कळले’ ही शाळेतली समजूत त्याने मोडते. या मोठ्या काकाकुव्याला शास्त्रीय नाव मिळाले १७९० मध्ये, जॉन लेथम याच्याकडून. फ्रेडरिकने पिवळ्या तुऱ्याचा पक्षी पाहिला तो त्याआधी साडेपाचशे वर्षे.

२१/
अभिमानासाठी खरी गोष्टही हाताशी आहे. पक्ष्यांवर लिहिणारा राजा फक्त सिसिलीत झाला नाही. अंबाजोगाईहून फार दूर नसलेल्या कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ इ. स. ११३० च्या सुमारास रचला. त्यात श्येनविनोद म्हणजे ससाण्यांची शिकार आहे, कोंबड्यांच्या व लाव्यांच्या झुंजी आहेत, पारवेही आहेत. फ्रेडरिकच्या शंभर वर्षे आधीचा हा ग्रंथ. दख्खनच्या दरबाराला पक्ष्यांची जाण होती, हे सांगायला उसना काकाकुवा लागत नाही.

२२/
आता वर्तमान. ज्या स्वभावाने काकाकुव्याला तेराव्या शतकात जगभर नेले, त्याच स्वभावाने त्याचा घातही केला. बोलका, देखणा, दीर्घायुषी, म्हणून त्याला पिंजरा. धाकट्या पिवळ्या तुऱ्याच्या जातीला बेटांवरून इतके पकडले गेले की ती आज नष्ट होण्याच्या काठावर आहे. २००५ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आहे. ऑस्ट्रेलियाने आपले पक्षी व्यापारासाठी बाहेर पाठवणे दशकांपूर्वीच बंद केले. तरीही चोरटा व्यापार चालतो, आणि आपल्या ईशान्येकडील राज्यांत परदेशी पक्ष्यांच्या पेट्या वेळोवेळी पकडल्या जातात.

२३/
भारतात राघू पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. या कायद्यात २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि काकाकुव्यासारखे, आंतरराष्ट्रीय यादीतले परदेशी जीव बाळगणाऱ्यांनाही नोंदणी आवश्यक झाली. पण कायद्याच्या पलीकडचा प्रश्न तुमच्यासमोर ठेवतो. थव्यात जगणारा, पहारा देणारा, शेजाऱ्याकडून शिकणारा पक्षी एकटा पडला की आपलीच पिसे उपटू लागतो. आणि त्याचे एकटेपण सत्तर वर्षांचेही असू शकते. पाळणारा आधी जातो, पक्षी मागे राहतो.

२४/
फ्रेडरिकच्या दरबारातली ती मादी किती वर्षे जगली, हे ग्रंथात नाही. तिला दुसरा काकाकुवा पुन्हा कधी दिसला नसावा, एवढे समजायला मात्र फारशी कल्पनाशक्ती लागत नाही. सम्राट, सुलतान, तह यांविषयी खूप लिहिले गेले. तिच्याविषयी उरले ते एक-दोन वाक्यांचे वर्णन, चार चित्रे आणि डोळ्यांतला तांबूस रंग. त्या रंगावरून आठशे वर्षांनी तिची ओळख पटली, कारण एका चित्रकाराने पाहिले तेच रंगवले.

२५/
पुढच्या वेळी अंबाजोगाईला गेलात तर योगेश्वरीचे दर्शन आणि मुकुंदराजांची समाधी झाल्यावर खोलेश्वराच्या मंदिरातही थोडा वेळ थांबा. शके ११६२ च्या लेखात काकाकुवा नाही. एका बहिणीने आपल्या भावाचे नाव मात्र तेथे आहे. जे कोरले आहे तेवढे वाचा, आणि वाचले तेवढेच पुढे सांगा.

धागा समाप्त. आपल्या गावातल्या शिलालेखाविषयी खाली अवश्य लिहा. शक आणि वर्ष तपासून लिहिलेत, तर पुढचा धागा त्यावर.